काळा शंख: समुद्र चढतो तेव्हा तळावरचे शिंपले कुठे जातात?

मृगधारा (राजारामपुरी, कोल्हापूर)

दिवाळीच्या सुट्टीत गगनबावड्यावरून उतरून देवगडच्या बाजूला गेलो होतो. मी आणि माझी मुलगी पुळणीवर शिंपले वेचत होतो. पिशवीत नेहमीचेच होते: तिसऱ्या, खुबे, दोनचार कवड्या. त्यात एक शंख मिळाला, तो हे लिहितानाही माझ्यासमोर टेबलावर आहे.

बोटापेक्षा थोडा लांब, उभट, भोवऱ्यासारखा निमुळता होत गेलेला. वेढ्यांवर बारीक समांतर खाचा. रंग कोळशाचा. वरून डांबर लागलेलं नाही, रंग आतपर्यंत मुरलाय. टोक झिजून गुळगुळीत झालंय. तोंडात करडी माती इतकी घट्ट बसली होती की मुलीने संध्याकाळभर टाचणीने ती उकरली. ओली केल्यावर त्या मातीला खाडीच्या चिखलाचा वास आला.

घरी येऊन पुस्तकात बघितलं. नाव टेलिस्कोपियम. हा प्राणी खारफुटीच्या चिखलात राहतो. लाटा फुटतात त्या मोकळ्या वाळूत तो जगूच शकत नाही. आणि मला तो मिळाला तिथे मागे सुरूची झाडं, पुढे थेट अरबी समुद्र, खारफुटीचं एक रोपही नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते. समुद्राची पातळी वाढते म्हणजे पाणी जमिनीवर चढतं आणि तळावरचं सगळं ढकलत पुढे आणतं, असंच चित्र माझ्याही डोक्यात होतं. वाचत गेले तसं ते चित्र उलटं झालं, म्हणून हा धागा काढतेय.

साधारण २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. बर्फ वितळत गेला आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वीपर्यंत पाणी जवळजवळ आजच्या पातळीला आलं. आपल्या पश्चिम किनाऱ्यापुढचा उथळ समुद्रतळ मुंबईसमोर ३०० किलोमीटरच्या घरात रुंद आहे, दक्षिणेकडे अरुंद होत जातो. समजा एखाद्या ठिकाणी तो १०० किलोमीटर धरला आणि १२,००० वर्षांत पाण्याने तो ओलांडला, तर किनारा वर्षाला सरासरी ८ मीटर आत सरकत होता. उतार इतका मंद की पाणी एक सेंटिमीटर चढलं की कड आठेक मीटर मागे यावी.

आता या सरकणाऱ्या कडेचा आडवा छेद डोळ्यांपुढे आणा. समोर समुद्र, मग वाळूचा उंचवटा, त्याच्या पाठीमागे खाडी, चिखल, खाजण (भरतीच्या खाऱ्या पाण्याने भिजणारी दलदल). पाणी चढू लागलं की वादळी लाटा उंचवट्याची वाळू उचलून पाठीमागे खाजणावर फेकतात. समोरून वाळू कमी होते, मागून वाढते. उंचवटा जणू कूस बदलत जमिनीकडे येतो आणि खाजणाचा चिखल, त्यातल्या शंखशिंपल्यांसकट, त्याच्याखाली गाडला जातो. काही शतकांनी उंचवटा आणखी आत सरकलेला असतो आणि तोच चिखल त्याच्या समुद्राकडच्या अंगाला, लाटांच्या माऱ्यात उघडा पडतो. लाटा चिखल धुऊन नेतात. जड शंख तिथेच राहतात.

म्हणजे खाडीतला शंख मोकळ्या समुद्रावर पोचला, पण तो स्वतः दहा पावलंही चाललेला नाही. किनाराच त्याच्यावरून चालत गेला.

याचा मला पटलेला पुरावा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा आहे. १९६५ साली मेरिल, एमरी आणि रुबिन या तिघांनी तिथल्या उथळ समुद्रतळावर ७१ ठिकाणी मेलेल्या कालवांचे शिंपले नोंदवले. खोली १४ ते ८२ मीटर. ही जात नदीमुखातल्या मचूळ, उथळ पाण्यातली. कार्बन पद्धतीने वय निघालं ८,००० ते ११,००० वर्षं. एवढ्या खोलवर ती कुणी नेऊन टाकली नव्हती. ती जगली तेव्हा तिथे खाडी होती.

माझा काळा शंख असाच असेल का? जाणकारांनी लिहावं.

---

उभा_मारुती

ताई, लय भारी लिहिलंय. पण एक कळंना. मग लाटा शिंपले ढकलतच न्हाईत काय? आम्ही गणपतीपुळ्याला जातो तवा प्रत्येक लाटेबरोबर शिंपल्यांचा खळखळाट ऐकू येतो की. ते तर हलत्यात.

---

मृगधारा

हलतात, आणि पुष्कळ हलतात. पण पट्टा कुठला ते बघायला हवं. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे असता तिथे लाटेची सगळी ताकद तळावर येते. लाटेचा धक्का साधारण तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंतच जाणवतो. पाच सेकंदांनी एक येणारी लाट खोल पाण्यात जवळपास ३९ मीटर लांब असते, म्हणजे वीसेक मीटरखाली तिचं काही चालत नाही. पावसाळ्यातली दहा सेकंदांची लाट दीडशे मीटरच्या वर लांब. ती सत्तरपंचाहत्तर मीटरपर्यंत पोचते, पण तिथे तिचा स्पर्श अगदी हलका.

उथळ पाण्यात आणखी एक गंमत होते. लाटेचा माथा पुढे जाताना पाणी तळाशी झटक्यात आणि थोडा वेळ पुढे धावतं, आणि मधल्या खोलगट भागाखाली संथपणे, जास्त वेळ मागे येतं. जड शिंपल्याला तो झटकाच हलवू शकतो, संथ परतीत तो जागचा हलत नाही. म्हणून भरड माल जमिनीकडे येतो आणि बारीक गाळ समुद्राकडे जातो. तुम्ही ऐकता तो खळखळाट त्याचा.

घरी करून बघण्यासारखं: बादलीत बशी सोडा. ती डुलत डुलत खाली जाते आणि वाटीसारखी, पोकळ बाजू वर करून बसते. आता तशीच बशी वाहत्या पाटात ठेवा. पाणी कडेखाली शिरून तिला पालथी करतं, आणि पालथी झाली की ती तिथेच चिकटून राहते, कारण पाणी कुबडावरून सरळ निघून जातं. शिंपल्याची एक पाकळी अगदी तशीच वागते. पालथे शिंपले दिसले की तिथे प्रवाह होता, उताणे दिसले की ते संथ पाण्यात खाली बसलेत, हे जुन्या खडकांतसुद्धा वाचता येतं.

माझ्या मुलीने अजून एक मोजलं. एका तिसरीला दोन पाकळ्या, एक डावी, एक उजवी. मेल्यावर त्या सुटतात. आकार आरशातल्यासारखा उलटा, त्यामुळे तिरकी लाट दोघींना वेगवेगळ्या दिशेला वळवते. आम्ही आणलेल्या एका जातीच्या पाकळ्यांत डाव्या जवळपास दुप्पट निघाल्या. उजव्या त्याच पुळणीच्या दुसऱ्या टोकाला असणार, असं ती छातीठोकपणे सांगते.

---

खाजणकाठ (मूळ गाव देवगड तालुका, सध्या कदमवाडी)

मृगधाराताई, मांडणी आवडली, पण कोकणातला माणूस म्हणून मला लगेच मान डोलवता येत नाही. काळा शंख मोकळ्या पुळणीवर येण्याच्या चार साध्या वाटा मी लहानपणापासून बघितल्या आहेत.

पहिली वाट खाडीच्या तोंडाची. जुलैत वरून पाणी आलं आणि त्यातच सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की खाडी जी ओकते ती बघाच. ओंडके, खारफुटीच्या शेंगा, चिखलाचे गोळे, सगळं बाहेर पडतं आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह ते मैलभर लांब नेऊन टाकतो. दुसरी, गाळ काढण्याची. जेटीपुढचा गाळ काढून टाकतात तेव्हा आसपासच्या वाळूत दोन वर्षं काळे शिंपले सापडतात. तिसरी, शंखातला खेकडा. मऊ पोटाचा हा खेकडा रिकामा शंख पाठीवर घेऊन फिरतो. त्याला मोठा शंख लागला की तो बदलतो, जुना तिथेच टाकतो. असे किती शंख खाडीतून पुळणीवर चालत आले असतील! चौथी वाट माणसाची. मुळे, कालवं अशी शिंपली काढून खाल्ली की टरफलांचा ढीग परड्यात पडायचा, आणि पूर्वी तर चुन्याच्या भट्टीसाठी गोणीच्या गोणी एका गावातून दुसऱ्या गावात जायच्या.

काळा रंग हाही वयाचा पुरावा नाही. हवा न लागणाऱ्या चिखलात गंधक आणि लोह एकत्र येऊन शिंपला काळा पडतो. त्याला हजारो वर्षं लागत नाहीत. तोच पुढे हवेत आला की तांबूस होत जातो.

म्हणून विचारतो. माती करडी आणि घट्ट होती म्हणालात, ती नखाने तुटत होती की बोटाने लेपासारखी पसरत होती? तिथे आसपास दोन्ही पाकळ्या जोडलेल्या, मिटलेल्या तिसऱ्या दिसल्या का? आणि सर्वात महत्त्वाचं, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची पूर्ण सुकती असताना तुम्ही तिथे होतात का? पुळणीच्या पायथ्याशी काळ्या मातीचा थर उघडा पडत असेल तर तो तेव्हाच दिसेल, एरवी वाळू त्याला झाकून ठेवते.

हा थर दिसला तर मी तुमच्या बाजूने. नाही दिसला तर खाडीने टाकलेला शंख.

---

शाहूपुरी_गल्ली

माझं समुद्राशी नातं वर्षातून एका सहलीपुरतं. पण हे वाचून २०१९ चा ऑगस्ट आठवला, म्हणून लिहितो.

पंचगंगेचं पाणी आमच्या दुकानात छातीपर्यंत होतं. ते ओसरल्यावर शटर उघडलं. माझी समजूत होती की नदीतला दगडगोटा, वाळू आत येऊन पडली असणार. तसं काही नव्हतं. आत होता तो फक्त मऊ चिखल, बोटभर जाडीचा, सगळीकडे सारखा. आणि सामान? खिळ्यांची पोती जिथल्या तिथे. लोखंडी कोयंडे, बिजागऱ्या जिथल्या तिथे. प्लास्टिकचे पाइप आणि रिकामे डबे मात्र मागच्या भिंतीला जाऊन गर्दी करून बसलेले. शेजारच्याचा एक हलका स्टूल माझ्या माळ्यावर.

ताईंचा मुद्दा मला तिथे कळतो. पाणी चढलं म्हणून नदीचा तळ माझ्या दुकानात आला नाही. जे होतं त्याच्यावरून पाणी गेलं, हलकं होतं ते कडेला गेलं, जड होतं ते राहिलं.

---

खाजणकाठ

शाहूपुरीदादा, त्या दिवसांत आमच्या सोसायटीतूनही लोक मदतीला आले होते तुमच्या भागात. उपमा चपखल आहे, फक्त एक फरक धरा. पूर आठ दिवसांत उतरला. समुद्र चढला तो हजारो वर्षं, आणि वाटेत प्रत्येक पायरीवर त्याची लाट वर्षानुवर्षं एकाच जागी आपटत राहिली. तुमच्या दुकानाच्या उंबऱ्यावर शंभर वर्षं लाट फुटली असती तर पोतीही फाटली असती आणि खिळे उंबऱ्यापुढे थर करून पसरले असते.

---

समुद्रतळ (कळंबा)

तो खिळ्यांचा थर मी हातात धरलेला आहे.

बरीच वर्षं मी संशोधन जहाजांवर तांत्रिक सहायक होतो. आमचं काम तळावरचे नमुने वर काढण्याचं. लोखंडी जबड्यासारखं एक यंत्र दोरखंडाने सोडायचं, तळाला टेकलं की ते मिटतं आणि ओंजळभर तळ घेऊन येतं. कोकणच्या किनाऱ्यापासून निघालो की पहिले कित्येक तास एकच माल यायचा: हिरवट करडा, लोण्यासारखा चिखल. नद्यांनी आजच्या काळात आणून टाकलेला. पन्नाससाठ मीटर खोलीपलीकडे गेलो की एकदम बदल. जबडा उघडला की डेकवर खरखरीत, मळकट पांढरी वाळू सांडायची, आणि तिच्यात शिंपलेच शिंपले. चकाकी गेलेले, कडा गोल झालेले, स्पंजांनी पोखरून टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांची चाळण केलेले. काहींवर नंतरच्या किड्यांनी चुन्याच्या नळ्या बांधलेल्या. त्या वाळूला चिखलाचा वासही नसायचा.

नद्यांचा गाळ तिथपर्यंत पोचत नाही, म्हणून ती वाळू आजही उघडी आहे. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी या पट्ट्यावर खूप काम केलंय. त्यात चुन्याचे गोल गोल दाणे सापडतात, माशाच्या अंड्यांसारखे. असे दाणे उबदार, उथळ, सतत घुसळणाऱ्या पाण्यातच बनतात. आज ते सत्तरऐंशी मीटरखाली पडलेत. म्हणजे ते बनले तेव्हा तिथे किनारा होता, आणि ते तिथेच राहिले. समुद्र त्यांच्या डोक्यावरून गेला.

आता मृगधाराताईंच्या चित्रात एक भर घालतो. किनारा मागे सरकताना लाटा नुसत्या वाळू फेकत नाहीत, त्या तळ तासतात. रंधा मारल्यासारखा. वरचा काही मीटर थर निघून जातो, आणि त्यात वेगवेगळ्या काळी गाडले गेलेले शिंपले एकाच पातळीवर येऊन साचतात. खाजणातला शंख, पुळणीवरची तिसरी, आणि नंतर खोल पाणी झाल्यावर तिथे जगलेली शिंपली, तिन्ही एका जबड्यात. एकाच ओंजळीतल्या दोन शिंपल्यांच्या वयात हजारो वर्षांचं अंतर निघू शकतं. म्हणून एका शिंपल्याची तारीख काढून थराचं वय सांगणं धोक्याचं.

तारखेबद्दलही जपून. किरणोत्सारी कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो, त्यावर वय मोजतात. पण समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो. अणुचाचण्यांच्या काळाआधी जिवंत काढलेल्या शिंपल्याचं वय तपासलं तरी ते प्रत्यक्षापेक्षा ४०० वर्षांच्या आसपास जास्त येतं. ते वजा केल्याशिवाय आकडा वापरायचा नाही.

मोठं चक्रीवादळ खोलवरचे शिंपले हलवतं, यात शंका नाही. पण ते त्यांना बहुतेक उलथंपालथं करतं, पुन्हा पुरतं, थोडं इकडेतिकडे करतं. शंभर किलोमीटर चालवत आणत नाही. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. तिचा माथा वीसेक मीटर खोल. समुद्र १२० मीटर खाली होता तेव्हा ती पाण्याबाहेर डोकावणारी टेकडी असणार. तिथलं प्रवाळ तिथेच वाढलंय, तिथले शिंपले तिथेच मेलेत.

अपवाद तरंगणाऱ्यांचा. माकूळ माशाच्या आतली ती पांढरी, हलकी पाटी, किंवा नॉटिलसचा कप्प्यांचा शंख. आत हवा असते. हे मेल्यावर कुठच्या कुठे वाहत जातात. त्यांच्यावरून तळाचा इतिहास सांगू नये.

---

रंकाळा_वेस

माझा जन्म इथला, वय पंचाहत्तर. पंचगंगा घाटाच्या खालच्या अंगाला आम्ही पोरं चिखलातून शिंपले काढायचो, आतून मोत्यासारखे चकाकणारे. कोल्हापुरात पूर्वी समुद्र होता का, असं मास्तरांना विचारायचो.

---

मृगधारा

काका, ते गोड्या पाण्यातले शिंपले, नदीतच जन्मलेले. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड. हिमयुगानंतर समुद्र कितीही चढला तरी इथे आला नाही. कोल्हापुरात खाऱ्या पाण्यातला शंख दिसला तर तो घाट चढून माणसाच्या हातूनच आलेला. घाटांवरून काय काय येत होतं ते बघायला टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती तिथे आहे. समुद्राचा ग्रीक देव, पंचगंगेच्या काठी निघाला. मी दरवर्षी सातवीच्या मुलांना तिच्यासमोर उभं करते.

---

उभा_मारुती

आज समुद्र चढतोय त्याचं काय? तसाच किनारा मागं येणार?

---

समुद्रतळ

आजचा जागतिक वेग वर्षाला चार-साडेचार मिलिमीटरच्या आसपास, आणि वाढता आहे. हिमयुग संपताना काही टप्प्यांत तो याच्या कितीतरी पट होता. सुमारे १४,५०० वर्षांपूर्वीच्या एका टप्प्यात तर काही शतकांत पाणी पंधरा-वीस मीटर चढलं. पण तेव्हा वाळूच्या उंचवट्याला मागे सरकायला मोकळी जागा होती.

---

खाजणकाठ

तोच माझ्या काळजाचा विषय. आता मागे रस्ता, बंगला, आणि समुद्राच्या बाजूला काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा. लाट वाळू उचलते, पण मागे टाकायला जागा नाही. मग ती वाळू समुद्राकडे जाते आणि पुळण बारीक होत जाते. आमच्या शेजारच्या गावात बंधारा झाला आणि त्यानंतर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला वाळूच उरली नाही. लोक बंधारा मागतात ते घर वाचवायला, त्यांना दोष कसा द्यायचा? पण पुळण जाते, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

---

मृगधारा

पुन्हा जाऊन आले. मे महिन्यात, आगोटीच्या आधी, अमावास्येची सुकती बघून. करूळचा घाट पहाटे उतरलो.

खाजणकाठदादा, थर आहे.

पुळणीच्या अगदी पायथ्याशी, पाणी पूर्ण मागे गेल्यावर, साताठ पावलं लांब काळपट करडा पट्टा. अनवाणी पायाला वाळूपेक्षा थंड आणि रबरासारखा लागतो. नखाने तुटतो, पसरत नाही. त्यात बोटाएवढी कुजलेली मुळं उभी होती. आणि मिटलेले शिंपले, दोन्ही पाकळ्या जोडलेले, जगताना असतात तसे उभे रुतलेले. मुलीने एक काढून हलक्या हाताने उघडला. आत नुसता चिखल, पाकळ्यांना धरून ठेवणारा सांधा अजून तपकिरी. टेलिस्कोपियम दोन होते, एक अर्धा बाहेर आलेला. माझा शंख मिळाला ती जागा तिथून दोनशे पावलांवर.

म्हणजे थरातून सुटल्यावर तो लाटांनी दोनशे पावलं लोळवला. टोक झिजलं ते तेव्हाच.

गेली काही हजार वर्षं समुद्र जवळपास स्थिर आहे, त्यामुळे हा सगळा खेळ समुद्र चढल्याचा, असा दावा मी करत नाही. खाडीचं तोंड सरकलं, वाळू खाजणावर आली, मग कड झिजली, असंही झालं असेल. रीत मात्र तीच. आम्ही थर उकरला नाही. फोटो काढले, एक शंख घेतला, बाकी तिथेच ठेवले. पाऊण तासात भरतीने झाकलं.

---

खाजणकाठ

मानलं, ताई. फोटो बघितले आणि लगेच आईला फोन लावला. ती म्हणाली, तुमच्या सुरूच्या झाडांमागच्या जमिनीला जुनी माणसं अजून 'खाजणातला मळा' म्हणतात. तिच्या सासूबाईंच्या तोंडीही तेच नाव होतं. तिथे चिखल बघितलेला एकही माणूस आज गावात नाही. सगळी वाळू आहे.